प्रभातचे तीन चित्रपट आणि आपली न्यायबुद्धी

चित्रपटाने मनुष्याची जीवनदृष्टी घडते काय, असा प्रश्न वाङ्मयप्रेमी मंडळींत अधूनमधून निघतो. ग्रंथांविषयी असा प्रश्न कोणी विचारीत नाही. त्यांचा संस्कार आपण गृहीतच धरतो. चित्रपटाला मात्र करमणुकीच्या ओसरीवर बसवून ठेवण्याची आपली जुनी रीत आहे. आमच्यापुरते बोलायचे तर व्ही. शांताराम यांनी प्रभात फिल्म कंपनीसाठी दिग्दर्शित केलेले ‘कुंकू’ (१९३७), ‘माणूस’ (१९३९) आणि ‘शेजारी’ (१९४१) हे तीन चित्रपट आम्ही थोर ग्रंथांच्या पंक्तीला बसवतो. ते का, आणि त्यांत आम्हांस काय उणे वाटते, हे येथे मांडावयाचे आहे.

या तिन्ही चित्रपटांचे वर्णन सहसा ‘समाजप्रबोधनपर’ अशा एका शब्दात उरकले जाते. पहिल्यात जरठ-कुमारी विवाह, दुसऱ्यात पतित मानलेली स्त्री, तिसऱ्यात हिंदू-मुसलमानांचे सख्य, अशी त्यांची वाटणी होते. एवढेच त्यांचे मोल असते, तर त्या त्या प्रश्नाचे स्वरूप पालटताच ते जुन्या पंचांगासारखे अडगळीत पडले असते. तसे झालेले नाही. आमच्या मते त्यांचा खरा विषय निराळा आहे. अन्याय झाला असता अन्यायाला अन्याय म्हणावे, आणि तरीही तो करणाऱ्यातला माणूस दृष्टीआड होऊ देऊ नये, ही कठीण कसरत ते प्रेक्षकाकडून करवून घेतात.

‘कुंकू’ नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेला आहे. विषय नवा नव्हता. गोविंद बल्लाळ देवलांनी ‘संगीत शारदा’मध्ये तो चार दशके आधी रंगभूमीवर आणला होता. पण शारदेचे लग्न ऐनवेळी मोडते, आणि म्हातारा भुजंगनाथ प्रेक्षकांच्या हसण्याचा धनी होतो. नीराचे लग्न मात्र फसवणुकीने लागून गेले आहे. तिचा झगडा तेथून पुढे सुरू होतो. शांता आपटे यांची नीरा रडत बसत नाही. ती पत्नीपण नाकारते आणि त्याच घरात ताठ मानेने वावरते. तिच्यासमोर केशवराव दाते यांचे काकासाहेब उभे आहेत. ते हास्यास्पद नाहीत आणि दुष्टही नाहीत. केलेली गोष्ट चुकीची आहे हे ज्याला हळूहळू आणि वेदनेने उमगत जाते, असा तो एक सुशिक्षित वृद्ध वकील आहे.

या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येते ते प्रसंगातलेच: पावलांचा आवाज, भांड्यांचा आवाज, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. हा केवळ तंत्रातला प्रयोग नव्हे. संगीत प्रेक्षकाला कोठे हळहळावे आणि कोठे संतापावे हे सुचवीत असते. येथे तो आधार काढून घेतल्यामुळे निवाडा आपला आपल्यालाच करावा लागतो. चित्रपटाची नीती त्याच्या घडणीतच कशी असू शकते, याचा इतका चोख दाखला आम्हांस क्वचितच आढळला.

काकासाहेब अखेर नीराला पुन्हा विवाह करण्याची मोकळीक देऊन आपले जीवन संपवतात. हा शेवट अनेकांना सोयीचा वाटतो, आणि एका अर्थी तो आहेही. नीराने लढून मागितलेले स्वातंत्र्य तिला शेवटी पतीच्या दानातून मिळते. परंतु तत्कालीन कायद्याकडे पाहिले तर या शेवटाची धार निराळी दिसते. १९३७ साली ब्रिटिश हिंदुस्थानात रूढ हिंदू विवाहाला घटस्फोटाची सर्वसाधारण तरतूद नव्हती. ती १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने आली. बडोदे संस्थानाने १९३१ मध्येच तसा कायदा केला होता, याचा आपल्यापैकी बडोदेकर मंडळींना अभिमान वाटावा. विधवेच्या पुनर्विवाहास मात्र १८५६ पासून कायद्याची मान्यता होती. म्हणजे जिवंत पतीपासून नीराला सुटका नव्हती. मृत पतीपासून होती. काकासाहेब वकील आहेत, हे येथे विसरू नये. कायद्याने जे एकच दार उघडे ठेवले होते, त्यातून ते तिला बाहेर काढतात. हा शेवट ज्यांना पटत नाही, त्यांनी आपला राग लेखकाइतकाच त्या कायद्यावरही काढावा.

‘माणूस’मधला गणपत हा पोलीस शिपाई, म्हणजे सरकारी नोकर. आमचीही हयात राज्य शासनाच्या सेवेत गेली, त्यामुळे त्याच्याकडे आम्ही अंमळ निराळ्या नजरेने पाहतो. शाहू मोडक यांचा हा शिपाई छाप्याच्या वेळी मैनेला अटकेपासून वाचवतो, तिच्यात गुंततो, तिला आपल्या भाविक आईच्या घरी नेतो. त्या घरात आपण शोभणार नाही असे वाटून ती निघून जाते. पुढे तिच्या हातून छळणाऱ्या मामाचा खून होतो. गणपत तिला सोडवू पाहतो, ते ती नाकारते आणि जन्मठेप पत्करते. सहानुभूती आहे म्हणून कायदा वाकत नाही, आणि कायदा वाकत नाही म्हणून सहानुभूतीही आटत नाही. फायलीवर ज्यांची नावे फक्त ‘अर्जदार’ किंवा ‘गैरअर्जदार’ म्हणून येतात, त्यांच्याविषयी कसे वागावे, याचा याहून चांगला धडा आम्हांस कोणत्याही परिपत्रकात मिळाला नाही.

१९३५ च्या ‘देवदास’ने निराश प्रेमिकाचे मरण भूषण करून ठेवले होते. त्याला ‘माणूस’ने उत्तर दिले, गणपत मरत नाही, पुन्हा कामावर रुजू होतो. मात्र येथे आमचा एक आक्षेप आहे. जगण्याचा उपदेश गणपतच्या वाट्याला येतो आणि तुरुंग मैनेच्या. शांता हुबळीकर यांनी तिला इतके जिवंत केले आहे, अनेक भाषांतून गाणारी, हसत हसत जखम झाकणारी, की जीवनाची बाजू घेणाऱ्या चित्रपटाने तिलाही जगण्याची वाट दाखवावयास हवी होती, असे वाटत राहते.

‘शेजारी’त जिवबा आणि मिर्झा हे दोन वृद्ध मित्र आहेत. धरण बांधू पाहणारा एक उद्योजक आपल्या स्वार्थासाठी त्यांच्यात फूट पाडतो. वैराचे कारण धर्म नसून धर्माच्या आडून साधलेला लाभ आहे, हे विश्राम बेडेकरांच्या लेखणीने १९४१ सालीच ओळखले होते. ‘पडोसी’ या हिंदी आवृत्तीत मुसलमान मिर्झाची भूमिका गजानन जागीरदारांनी आणि हिंदू मित्राची मझहर खान यांनी केली, यातही तोच विचार आहे. शेवटी धरण फुटते आणि दोघे मित्र एकमेकांचा हात धरून मरतात. दृश्य विलक्षण आहे. पण सगळे विष बाहेरून आलेल्या माणसाने कालवले, अशी मांडणी गावाला फार स्वस्तात निर्दोष ठरवते. ज्यांचे पूर्वज कधीकाळी बाहेरून येऊन परमुलखात स्थायिक झाले, अशा आपल्यासारख्यांनी तरी ‘बाहेरचा’ या सोप्या उत्तरावर समाधान मानू नये. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवून शेजाऱ्याचे दार बंद करणारे हात गावाचेच असतात.

तिन्ही चित्रपटांत शेवटचा निर्णय मरण किंवा तुरुंग घेतो. समाजाला तो घ्यावा लागत नाही. ही त्यांची मर्यादा आहे आणि ती आम्ही लपवू इच्छित नाही. पण त्या मर्यादेमुळेच काम आपल्यावर येते. काकासाहेब जिवंत राहिले असते तर नीराला आपण काय दिले असते? मैना शिक्षा भोगून परतली असती तर तिला कोणी दार उघडले असते? आपल्या अनेक घरांत आता नातवंडे मराठी समजतात पण वाचत नाहीत. त्यांना हे चित्रपट जरूर दाखवावेत. मराठी जमले नाही तर ‘दुनिया न माने’, ‘आदमी’ आणि ‘पडोसी’ या नावांनी निघालेल्या हिंदी आवृत्त्या आहेत. मात्र ‘जुना काळ किती चांगला’ असे म्हणत दाखवू नयेत. चित्रपट संपल्यावर त्यांना वरचे दोन प्रश्न विचारावेत, आणि त्यांची उत्तरे आपल्या उत्तरांहून निराळी निघाली तर ती शांतपणे ऐकून घ्यावीत.