वीज ‘शुद्ध’ केली की गाणे शुद्ध होते का?

घरातल्या ध्वनिसंचासाठी ‘पॉवर कंडिशनर’ नावाची पेटी विकली जाते. प्लगमधून येणारी वीज ‘घाणेरडी’ असते, ती पेटीतून गेली की तंबोरा भरदार आणि तबला स्पष्ट ऐकू येतो, असे जाहिराती सांगतात. हा दावा तपासायला रायगडच्या किनाऱ्यावरचे दिघी हे गाव चांगले. राजपुरी खाडीच्या तोंडाशी वारा, पाऊस आणि खारी हवा यांचा मार तारांना आणि चिनी मातीच्या इन्सुलेटरांना सतत बसतो. पेटीत काही गुण असतील, तर ते इथे दिसायला हवेत.

आधी संचाच्या आत पाहू. प्लगमधली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची वीज स्पीकरपर्यंत जातच नाही. ट्रान्सफॉर्मर दाब उतरवतो, रेक्टिफायर प्रवाह एकदिश करतो आणि कपॅसिटर मधल्या खाचा भरून काढतो. कपॅसिटर १०,००० मायक्रोफॅरडचा आणि प्रवाह १ अँपियर धरला, तर दोन शिखरांमधल्या १० मिलिसेकंदांत दाब सुमारे १ व्होल्टने उतरतो. हे गणित बारावीच्या फळ्यावर सहज मांडता येते. म्हणजे प्लगमधली वीज आदर्श असली, तरी संचाच्या पोटात १ व्होल्टची लाट असतेच. चांगले मंडल तिचा हजारावा भाग किंवा त्याहूनही कमी बाहेर सोडते. जो संच स्वतःची एवढी लाट पचवतो, त्याला बाहेरची बारीक खरखर जड जाईल असे मानायला फारसा आधार नाही. शेजारच्या मोटरची टकटक एखाद्या स्वस्त रेडिओत शिरते आणि तिथे साधी गाळणी उपयोगी पडते, हे मात्र खरे.

दाब कमी झाला तर? २३० चे १८४ व्होल्ट झाले, तर ट्रान्सफॉर्मरच्या साध्या संचाची कमाल शक्ती दाबाच्या वर्गानुसार उतरते, म्हणजे ०.६४ पट होते. कानाला हा फरक २ डेसिबेलहूनही कमी, आणि तोही आवाज पूर्ण चढवला तरच. घरात आपण बहुधा वॉटभर शक्तीवरच गाणी ऐकतो. ज्या संचावर ‘१००-२४० व्होल्ट’ असे छापलेले असते, त्याला तर ही घट जाणवतही नाही.

‘पण आमच्या स्पीकरमधून घूंऽऽ येते त्याचे काय?’ असे कोणी विचारील. टीव्हीकडून येणारी केबल काढून पाहावी. घूं थांबली तर दोष दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून बनलेल्या वेटोळ्याचा आहे, आणि तो पेटीने सहसा जात नाही. थांबली नाही आणि सूर १०० हर्ट्झचा वाटला, तर कपॅसिटर म्हातारा झाला असावा. अर्थिंगची पिन कापणे हा उपाय मात्र कोणीही करू नये. चौकोनी लहरीचा स्वस्त इन्व्हर्टर तर ट्रान्सफॉर्मरला उलट अधिकच गुरगुरायला लावतो. वीज ‘सुधारण्या’साठी आणलेले यंत्रच कधी कधी ती बिघडवते!

किनाऱ्यावरचा खरा धोका वेगळाच आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आले, तेव्हा श्रीवर्धन तालुक्यात खांब आडवे झाले. अशा पडझडीत, किंवा नुसता सांधा गंजूनही, न्यूट्रल तार तुटू शकते. मग वेगवेगळ्या फेजांवरची घरे एकामागे एक जोडल्यासारखी होतात, आणि जिथे भार कमी तिथला दाब ३५० व्होल्टच्याही वर जाऊ शकतो. अशा वेळी संच जळतो, फ्रीज जळतो. कंडिशनरातला व्हॅरिस्टर क्षणभराच्या उसळीसाठी बनवलेला असतो. मिनिटभर टिकणाऱ्या दाबाने तो स्वतःच तापून जातो. इथे हवा तो जादा दाब येताच वीज तोडणारा रिले. तो गाणे गोड करण्याचा दावा करत नाही, म्हणूनच बहुधा त्याची कोणी जाहिरात करत नाही. आमच्या मते पहिला खर्च त्याच्यावर आणि नीट अर्थिंगवर व्हावा. जांभ्या दगडाची जमीन मेमध्ये कोरडी पडते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायचे विसरू नये.

तरीही पेटीने फरक पडतो असे कोणाला वाटत असेल, तर प्रयोग सोपा आहे. एका विद्यार्थ्याने पडद्याआड नाणे उडवून, छापा आला तर पेटीतून आणि काटा आला तर थेट प्लगमधून संच चालवावा. आवाजाची कळ हलवू नये. पेटी जोडलेली असो वा नसो, तारा बदलायला दर वेळी तेवढाच वेळ घ्यावा. ऐकणाऱ्याने १० वेळा उत्तर लिहावे. नुसत्या अंदाजाने ९ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १०२४ त ११, म्हणजे साधारण १ टक्का आहे. पेटी विकत घेण्याआधी दुकानदाराकडून दोन दिवस मागून आणावी आणि वर्गातच हा प्रयोग करावा.