‘पण’ नसलेले सुख

‘पण’, ‘परंतु’, ‘किंतु’ यांना मराठी व्याकरणात न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यये म्हणतात. कुठेतरी काही उणे आहे, हे ती वाक्ये जोडता जोडता सांगून जातात. अपंग व्यक्तींविषयीचे आपले बहुतेक लेखन याच अव्ययावर उभे आहे. ‘पाय नाहीत, पण जिद्द आहे’, ‘खुर्चीला खिळलेली आहे, पण आनंदी आहे’. सत्काराच्या भाषणांत आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत हा ‘पण’ इतका रुळला आहे की तो कुणाला खटकत नाही. ज्या पुस्तकामुळे तो खटकू लागतो, त्याविषयी हे चार शब्द.

हॅरिएट मॅक्ब्राइड जॉन्सन (१९५७–२००८) या अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्स्टन शहरी वकिली करीत. स्नायू क्षीण करणारा विकार त्यांना जन्मापासूनच होता. पाठीचा पट्टा त्यांनी पंधराव्या वर्षाच्या सुमारास टाकून दिला आणि कण्याला हवे तसे वळू दिले. अंथरुणातून उठण्यापासून कपडे घालण्यापर्यंत त्यांना दुसऱ्याचे हात लागत. ‘टू लेट टू डाय यंग’ हे त्यांचे आठवणींचे पुस्तक २००५ साली प्रसिद्ध झाले. शीर्षकाचा अर्थ, ‘तरुणपणी मरायला आता उशीर झाला’. आपण लवकर मरणार, अशी लहानपणी त्यांची समजूत झाली होती. विकारग्रस्त मुलांसाठी दूरदर्शनवरून दयेचा पदर पसरून निधी गोळा करणारे कार्यक्रम त्या समजुतीला खतपाणी घालीत. पुढे याच कार्यक्रमांविरुद्ध त्या वर्षानुवर्षे रस्त्यावर उभ्या राहिल्या.

पुस्तकाचा कणा म्हणावा असा भाग पीटर सिंगर यांच्या भेटीचा आहे. त्या वेळी प्रिन्स्टन विद्यापीठात असलेले हे तत्त्वज्ञ. तीव्र व्यंग घेऊन जन्मलेल्या अर्भकाचे जीवन संपवण्याचा पर्याय आईबापांना असावा, असे त्यांचे प्रतिपादन. म्हणजे बाईंसारखे मूल जन्मालाच येऊन वाढू नये, असे मानण्याची मुभा! २००२ साली त्यांच्याच निमंत्रणावरून जॉन्सनबाई प्रिन्स्टनला वाद घालायला गेल्या. रात्रीच्या जेवणाच्या वेळी त्यांचे कोपर घसरले आणि हात जागेवर येईना. शेजारी बसलेल्या सिंगर यांनाच त्यांनी हात पुढे ओढून द्यायला सांगितले. त्यांनीही तो दिला. प्रतिपक्षाला राक्षस ठरवण्याची सोय बाई स्वतःला ठेवत नाहीत. आपल्या जगण्याचा अधिकार नाकारणारा माणूस सभ्य आणि मदतीला तत्पर असू शकतो, ही अडचण त्या वाचकापुढे उघडी ठेवतात. या प्रामाणिकपणामुळे पुस्तक प्रचारकी होत नाही.

त्यांचा युक्तिवाद साधा आहे. व्यंग आहे की नाही, यावरून आयुष्य सुखी की दुःखी हे ठरत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त उणीव दिसते. यंत्रावर चालणाऱ्या खुर्चीतून चार्ल्स्टनच्या दमट हवेत सुसाट जाण्यातली मजा त्याला दिसत नाही. ही मजा चालणाऱ्याच्या मजेची दुय्यम प्रत नव्हे, ती वेगळीच आहे. आणखी एक गोष्ट त्या ठासून सांगतात. हे सुख जिद्दीतून उगवलेले नाही. स्वतःच्या घरी राहता येणे, मोबदला घेऊन मदत करणारी माणसे मिळणे, इमारतीत खुर्ची आत जाणे, या व्यवस्थेवर ते उभे आहे. माणसाला संस्थेत कोंडले की तेच शरीर दुःखाचे कारण ठरते.

पुस्तकात उणिवा आहेत. चार्ल्स्टनच्या निवडणुकांचे तपशील आपल्या वाचकाला रेंगाळल्यासारखे वाटतील. सुशिक्षित घराचे पाठबळ सर्वांना नसते, हा प्रश्नही आपल्याकडे अधिक बोचतो. मात्र विनोदाची धार शेवटपर्यंत बोथट होत नाही.

२००८ साली बाई गेल्या, तेव्हा सिंगर यांनी त्यांच्यावर आदराने लेख लिहिला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ होता, ‘तरीही सुखी’. शीर्षक कुणीही दिलेले असो, ज्या शब्दाशी त्या जन्मभर भांडल्या तोच मृत्युलेखाच्या माथ्यावर बसला. ‘तरीही’ हा ‘पण’चाच सख्खा भाऊ.

आपण सीमाभागातली माणसे दोन भाषांत वावरतो. मराठीत ‘अपंग’चे ‘दिव्यांग’ झाले. कन्नड पाट्यांवर ‘विकलचेतन’ आहे. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६च्या कायद्यात एकवीस झाले. नावे बदलली, यादी वाढली; वाक्याची रचना तीच राहिली. स्नेहसंमेलनात एखाद्या मुलीला व्यासपीठावर उचलून नेतात आणि तिच्या जिद्दीवर टाळ्या घेतात. व्यासपीठाला उतार का नाही, हे मात्र कुणी विचारीत नाही. ती मुलगी ते भाषण ऐकत असते. आपले सुख अपवाद आहे, हे ती तिथेच शिकते.

जॉन्सनबाईंच्या पुस्तकाची खरी किंमत इथे आहे. ‘ती चालत नाही. ती सुखी आहे.’ या दोन वाक्यांमध्ये पूर्णविराम देता येतो, हे त्यांनी लिहून दाखवले. आपल्याला तो देता आला पाहिजे, आणि त्याबरोबर उतारही बांधता आला पाहिजे.