रास्तिन्याक आणि होतकरू

मोठं व्हायला शहरात आलेल्या पोराला फ्रेंचमध्ये ‘रास्तिन्याक’ म्हणतात. नाव बाल्झाकच्या १८३५च्या ‘ल पेर गोरियो’मधलं. म्हाताऱ्या गोरियोला पुरताना रास्तिन्याकचा खिसा रिकामा असतो. कबर खोदणाऱ्यांना द्यायला तो खाणावळीच्या नोकराकडून उसने पैसे घेतो. मग टेकडीवरून पॅरिसला आव्हान देतो आणि गोरियोच्याच मुलीकडे जेवायला जातो. शब्दात आव्हान उरलं, उसने पैसे गळाले.

आपला ‘होतकरू’ उलटा. तो बहुधा ‘गरीब व’ला चिकटून येतो. गरिबी दिसते तोवर कौतुक. वर चढला की तोच ‘उपटसुंभ’. मला दोन्ही शब्दांपेक्षा कादंबरी खरी वाटते: तिथं हाव आणि माया एकाच पोरात नांदतात.