असईच्या तोफा, थकलेला पगार आणि गावातल्या गढ्या

इंग्रजांनी मराठ्यांना का हरवलं, असं कोणालाही विचारून बघा. बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर येतं. एक म्हणजे त्यांची शिस्त आणि तोफा सरस होत्या. दुसरं म्हणजे मराठ्यांनी गनिमी कावा सोडला आणि फिरंग्यांची नक्कल करायला गेले. परीक्षेत दोन्ही लिहा, मार्क मिळतात.

रँडॉल्फ कूपर या इतिहासकाराने 2003 मध्ये, असईच्या लढाईला दोनशे वर्षं झाली त्याच साली, केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनातून एक पुस्तक काढलं. विषय 1803 चं इंग्रज-मराठा युद्ध. या पुस्तकाने वरच्या दोन्ही उत्तरांना सुरुंग लावला. माझं संशोधन नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातल्या महसुलावर आहे, त्यामुळे हे पुस्तक मला टाळताच आलं नाही. त्यातलं मला काय पटतं आणि कुठे ते अर्ध्यावर सोडतं, ते आज सांगते.

आधी पटलेलं. 23 सप्टेंबर 1803 ला असईला (आजचा जालना जिल्हा) आर्थर वेल्स्ली जिंकला खरा, पण कसा? त्याच्या साधारण साडेचार हजारांच्या मुख्य फौजेतली दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. हे काम शिंद्यांच्या तोफांनी केलं. पुढे नेपोलियनला हरवणारा हा माणूस म्हातारपणीसुद्धा आपली सगळ्यात चांगली लढाई म्हणून असईचंच नाव घ्यायचा. मागासलेल्या शत्रूबद्दल कोणी असं बोलत नाही. तेव्हा तंत्रज्ञानाचं उत्तर बाद. नक्कल केल्याचंही बाद, कारण कूपर दाखवतो की कवायती पायदळ आणि तोफखाना ही काही युरोपातून उचलून आणलेली परकी वस्तू नव्हती, इथे त्याची आधीपासूनची परंपरा होती.

मग हरले कशामुळे? कूपरचं उत्तर आहे ‘लष्करी अर्थव्यवस्था’. शब्द जड आहे, गोष्ट सोपी आहे. रोवणीच्या हंगामात आमच्याकडे मजूर कोणाच्या बांधीत जातात? जो वेळेवर आणि रोख देतो त्याच्या. अठराव्या शतकाच्या शेवटी हिंदुस्थानात शिपाई, अधिकारी, गोलंदाज, बैल, धान्य आणि सावकारी कर्ज यांचा असाच मोठा बाजार होता. कंपनीने तो बाजार हळूहळू आपल्या हातात घेतला. 1803 मध्ये गव्हर्नर जनरलने जाहीरनामा काढून मराठ्यांच्या नोकरीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांना आपल्याकडे बोलावलं, पैशाची हमी दिली. बरेच जण गेले. शिंद्यांचा उत्तरेतला फ्रेंच सेनापती पेरॉन सप्टेंबरमध्ये इंग्रजांच्या आश्रयाला गेला. म्हणजे लढाई उभी राहायच्या आधीच समोरच्या फौजेचं डोकं बाजूला काढलेलं होतं.

इथपर्यंत मान्य. पण पुढे मला दोन अडचणी येतात.

पहिली अडचण पुस्तकातच आहे. 1 नोव्हेंबर 1803 ला लासवारीला शिंद्यांच्या पलटणी जवळपास सगळे युरोपीय अधिकारी निघून गेल्यावर लढल्या, आणि अशा लढल्या की जनरल लेक हादरला. सगळा प्रश्न पगाराचा आणि बाजाराचा असेल, तर हे शिपाई तिथे मरायला का थांबले? अधिकारी विकत घेता येत होते हे कूपर सिद्ध करतो. शिपायांबद्दल ते तेवढंच खरं आहे हे तो गृहीत धरतो. डर्क कोल्फ यांनी 1990 च्या पुस्तकात उत्तर हिंदुस्थानातल्या नोकरीपेशा शिपायांवर लिहिलंय. त्यात पगाराबरोबर इमान आणि अब्रू यांचाही हिशोब आहे. कूपरच्या बाजारात हा हिशोब पातळ होतो.

दुसरी अडचण माझ्या जास्त जवळची आहे. कूपरच्या पुस्तकात बैल आहेत, धान्य आहे. वेल्स्लीच्या पत्रव्यवहारात तर बैल आणि बंजाऱ्यांचे तांडे तोफांच्या बरोबरीने येतात. पण ते धान्य कोणी पिकवलं आणि युद्ध संपल्यावर त्या माणसाचं काय झालं, हा प्रश्न पुस्तकाला पडत नाही. त्याच 1803-04 मध्ये दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला, आणि पाऊस नव्हता एवढंच त्याचं कारण नव्हतं. होळकरांच्या फौजांनी आधीच मुलूख उजाड केला होता. लष्करी अर्थव्यवस्था म्हणायचं आणि पिकवणारा वगळायचा, हे म्हणजे राईस मिलचा हिशोब बघून धानाची शेती समजली म्हणण्यासारखं आहे.

आता नकाशा भंडाऱ्याकडे आणू. मी लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीची. आमच्या भागात 1803 ची एकही मोठी लढाई झाली नाही. असई, अडगाव, गाविलगड सगळं पश्चिमेला. तरी ते युद्ध इथपर्यंत आलं. 17 डिसेंबर 1803 च्या देवगावच्या तहात दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख गमावला, म्हणजे राज्याचा साधारण तिसरा हिस्सा. तोटा भरून काढायचा कुठून? उरलेल्या मुलखातून, आणि त्यात वैनगंगेचं हे खोरं होतं. गावांचा सारा वाढला, नवे कर बसले. लोक राजाला ‘बडा बनिया’ म्हणायला लागले. फौजेचा पगार थकला, तेव्हा फौज स्वतःच लुटून पोट भरू लागली. मागोमाग पिंढारी आले आणि 1811 मध्ये त्यांनी नागपूरच्या बाहेरच्या वस्त्या जाळल्या. या मुलखातल्या कितीतरी गावगढ्या याच काळातल्या आहेत. लुटारू आले की लोक आत शिरायचे, बाहेरचं सगळं गेलं असं धरूनच.

या माहितीचा बराचसा भाग इंग्रजी गॅझेटिअरमधून आणि नागपूरचा रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याच्या 1827 च्या अहवालाच्या परंपरेतून येतो. हे लोक जिंकलेले होते. आधीचं राज्य लुटारूंचं होतं असं दाखवण्यात त्यांचा फायदा होता, हे लक्षात ठेवूनच ते वाचायचं. पण ज्या तहामुळे तिजोरी रिकामी झाली तो तहही त्यांचाच होता. गॅझेटिअर ही दोन वाक्यं एकामागोमाग लिहितं आणि जबाबदारी मात्र एकट्या रघूजीवर टाकतं. कूपर 1803 वर थांबतो, त्यामुळे हा दुवा त्याच्या हातून सुटतो.

इथे चार्ल्स टिली आठवतो. युरोपात युद्धासाठी कर गोळा करता करता राज्यं मजबूत झाली, असा त्याचा गाजलेला सिद्धांत. नागपूरला कर वाढले आणि राज्य पोखरलं गेलं, कारण वाढलेला कर नवी ताकद उभी करायला जात नव्हता, हरलेल्या युद्धाची भोकं बुजवायला जात होता. पुढे युद्धाचं रूपही बदललं. दोन फौजा समोरासमोर, हे मागे पडलं आणि पगार न मिळालेला शिपाई विरुद्ध शेतकरी असं रोजचं युद्ध सुरू झालं. त्याला नाव नाही, तारीख नाही, म्हणून ते लढायांच्या यादीत येत नाही.

1817 च्या नोव्हेंबरात सीताबर्डीला अप्पासाहेब हरले. त्यानंतरही त्यांचे अरब शिपाई नागपूर शहर धरून बसले. 24 डिसेंबरचा इंग्रजांचा हल्ला त्यांनी परतवला आणि 30 डिसेंबरला अटी ठरवूनच बाहेर पडले. कूपरची चौकट इथे छान बसते: राजा गेला, तरी शिपाई स्वतःच्या वतीने सौदा करतो. पण त्याच चौकटीत 1818 मध्ये अप्पासाहेबांच्या बाजूने उठलेला कामठ्याचा जमीनदार चिमणा पाटील बसवून बघा. बसत नाही. त्याला कोण पगार देत होतं?

पुस्तक मिळालं तर माझ्यासारखं पहिल्या पानापासून वाचू नका. आधी लासवारी वाचा, मग असई, आणि शेवटी प्रस्तावना.