मांजर आणि आमच्या म्हणी

समाजाची भूतदया पारखावयाची असेल तर आधीं त्याच्या म्हणी चाळाव्या. मराठींत मांजराच्या वांट्याला काय आलें आहे? शिंकें तुटलें कीं बोक्याचें फावतें. डोळे मिटून दूध पितें तें मांजर. उंदराच्या साक्षीला येतें तेंही मांजरच. हितोपदेशांतील दीर्घकर्ण मांजर व्रतस्थाचें सोंग आणून आंधळ्या गिधाडाचा विश्वास संपादितें आणि पांखरांचीं पिलें फस्त करितें. चोर आणि ढोंगी, या दोन पदव्यांपलीकडे आमच्या वाङ्मयानें या प्राण्याला फारसें कांहीं दिलेलें नाहीं.

मांजर मारल्यास काशीला सोन्याचें मांजर वाहावें लागतें, हा धाक वडील मंडळी घालीत, हें खरें. परंतु आमच्या मतें ही भीति आहे. दयेचें खातें निराळें. पातकाच्या भयानें काठी थांबते. पण तोच मनुष्य पिलें गोणींत घालून गांवाबाहेर सोडून येतो आणि पातक टळलें म्हणून निश्चिंत निजतो.

मावळांत हा अन्याय विशेष खुपतो. मावळ हा भाताचा मुलूख. वडगांवच्या भात संशोधन केंद्रांतून १९८७ सालीं इंद्रायणी हें वाण बाहेर पडलें आणि त्याच्या सुवासानें दूरदूरचीं स्वयंपाकघरें दरवळलीं. भात कणगींत पडला कीं उंदीर आलाच. ज्याच्या जागरणावर तें धान्य टिकावयाचें, त्यालाच आम्ही चोर म्हणतों!

लोणावळ्यास प्रकार निराळा. बंगल्यांत शनिवारीं पाहुणे येतात, पिलांना दूध पाजतात, मुलें हौसेनें त्यांचें बारसें करितात. सोमवारीं फाटकाला कुलूप लागतें. आषाढाच्या कोसळत्या पावसांत तीं पिलें कोणाच्या वळचणीला गेलीं, याची पुसतपास कोणी करीत नाहीं. लळा लावून टाकून जाणें हीही क्रूरताच होय.

कायद्यानें आपली दृष्टि थोडी बदलली आहे. १८६० च्या दंडसंहितेंतील कलम ४२८ लागू होण्यास मारलेल्या प्राण्याची किंमत निदान दहा रुपये असावी लागे. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्यें ही अट राहिली नाहीं, आणि शिक्षा पांच वर्षांपर्यंत होऊं शकते. मात्र प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यांत पहिल्या अपराधाचा दंड अद्यापि दहा ते पन्नास रुपयेच आहे.

भाषाही बदलूं शकते. दक्षिण कोरियांत बेवारशी मांजराला पूर्वीं ‘चोर मांजर’ म्हणत. आतां तेथें ‘वाटेवरचें मांजर’ हा शब्द रूढ झाला आहे. त्यांना खाऊं घालण्यावरून तेथेंही तंटे होतात. तरी द्वेषाला भाषेचा पाठिंबा उरला नाहीं, हें थोडें नव्हे.

आम्हांस तर परक्या शब्दाचीही गरज नाहीं. मांजरीचे दात तिच्या पिलांना लागत नाहींत, ही म्हण आमचीच. दक्षिणेंतील श्रीवैष्णवांच्या तेंकलै पंथानें ईश्वरी कृपेला हाच दृष्टांत योजिला: मांजरी पिलाला तोंडांत धरून सुखरूप नेते, पिलाला कांहींच करावें लागत नाहीं. बंगलेवाल्यांनीं मांजरीच्या निर्बीजीकरणाची सोय करावी आणि तिच्या बारमाही अन्नाचे पैसे माळ्याजवळ ठेवावे. आणि घरोघरच्या वडील मंडळींनीं मुलांना बोक्याच्या शिंक्याआधीं ही म्हण शिकवावी.