दानधर्म आणि डावा हात

पोप लिओ चौदावे यांनी ४ ऑक्टोबर २०२५ रोजी, असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणादिवशी, ‘दिलेक्सी ते’ या प्रबोधनपत्रावर स्वाक्षरी केली. १२१ परिच्छेदांच्या या पत्राचा समारोप दानधर्मावर व्हावा, याचे आम्हास प्रथम नवल वाटले आणि मागाहून समाधान. न्याय, विकास, समाजरचना या भारदस्त शब्दांपुढे दानधर्म हा शब्द आमच्या प्रवचनांतून हळूहळू अंग चोरून बसू लागला होता. श्रद्धावंतांतही त्याला आज फारशी प्रतिष्ठा नाही, हे पोपमहोदय मोकळेपणाने मान्य करतात. गरिबाला चांगले काम मिळवून देणे ही सर्वांत मोठी मदत, असेही ते सांगतात. पण ते काम मिळेपर्यंत त्याला उपाशी ठेवण्यास त्यांची तयारी नाही.

या विवेचनाला मराठीत एक अधिकची वाट मिळते. दारी आलेला याचक आपल्याकडे ‘धर्म करा’ म्हणतो. हिब्रू भाषेतही नीतिमत्त्वाचा वाचक असलेला ‘त्सदाका’ हा शब्द पुढे दानासाठी रूढ झाला. मत्तयच्या सहाव्या अध्यायात, जो भस्म बुधवारी वाचला जातो, आरंभी धर्माचरणाविषयी सावध करून प्रभू लगेच दानधर्माकडे वळतो. म्हणजे दान ही धर्माला जोडलेली शोभेची झालर नव्हे. संत अॅम्ब्रोज तर म्हणत, की गरिबाला आपण देतो ते त्याचेच त्याला परत करतो.

हेच आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या एका हिंदू संताने आपल्या परीने सांगितले. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदानाला आरंभ झाला आणि त्याच वर्षी पवनारहून विनोबा दिल्लीकडे पायी निघाले. शंकराचार्यांचा आधार घेऊन ते दानाचा अर्थ ‘सम्यक विभाजन’ असा करीत. मला घरातला सहावा मुलगा समजा आणि माझा वाटा द्या, हे त्यांचे मागणे भिक्षेचे नव्हते, हक्काचे होते. चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन कागदावर आली. त्यातली पुष्कळशी मात्र खडकाळ वा वादग्रस्त निघाली, आणि बरीच वाटलीच गेली नाही. दान सभेत जाहीर होई. तेथे कर्णा वाजत नव्हता, असे कोण म्हणेल? परंतु गुप्तदानाने एका घरची चूल पेटते, जमिनीचा प्रश्न तसाच राहतो. विनोबांनी निदान त्या प्रश्नाला हात घातला. त्या मानाने त्यांचे १९५० च्या दशकातले सर्वोदय-पात्र आम्हास अधिक शुभवर्तमानी वाटते: घरातल्या लहान मुलाने रोज मूठभर धान्य त्यात टाकायचे, कोणाचे नाव नाही, पावती नाही.

पोपमहोदयांच्या पत्राबाबत आमचे एकच म्हणणे आहे. देणाऱ्याने थांबावे, गरिबाच्या डोळ्यांत पाहावे, त्याला स्पर्श करावा, असे ते सुचवितात. शहरातल्या अनोळखी गर्दीत हे औषध रामबाण आहे. अल्लीपूरसारख्या कापूस-तुरीच्या गावात घेणारा अनोळखी नसतो. काल त्याच्याच बांधावर आपण पाणी प्यालेलो असतो. पीक बुडालेला शेतकरी हात पसरणार नाही. तो लेकीच्या शाळेची फी थकवील, दुकानदाराची उधारी वाढवील, नातलगांकडे जाणे टाळील. त्याला आपली नजरच जड होते. डाव्या हाताला कळू नये, या आज्ञेचा अर्थ आपण नेहमी देणाऱ्याच्या अहंकारापुरता लावतो. घेणाऱ्याची अब्रू राखणे हाही तिचाच अर्थ आहे. पत्रात या बाजूवर आणखी चार ओळी असत्या, तर आम्हा खेड्यांतल्या धर्मगुरूंना त्या मोठ्या कामाच्या ठरल्या असत्या.

देवळातल्या बाकांवर आणि संगमरवरी पाट्यांवर देणगीदारांची नावे कोरण्याची हौस आपल्याकडे अजून ओसरलेली नाही. (दिवंगतांच्या स्मरणार्थ असते, असे कोणी सांगेल, पण मग देणाऱ्याचे नाव खाली ठळक का?) येत्या प्रायश्चित्तकाळात धर्मग्रामाच्या पाकिटावर नाव लिहिण्याची रेघच छापू नये, आणि जमलेल्या रकमेतून आधी दुकानातली एखादी थकलेली उधारी गुपचूप चुकवावी, अशी आमची सूचना आहे. ज्याची उधारी चुकेल, त्याला कोणी चुकवली हे दुकानदारानेही सांगू नये.