उजेड कुठून येतो?

आपल्याकडच्या नाट्यसमीक्षेत प्रकाशाच्या वाट्याला बहुधा एकच वाक्य येते : प्रकाशयोजना पूरक होती. फार तर रंगांची नोंद होते, निळी रात्र, तांबडा संताप. उजेड कोणत्या बाजूने, किती उंचीवरून पडला, हे कोणी लिहीत नाही. माझ्या मते प्रसंगाचा भाव रंगापेक्षा तिथे जास्त ठरतो.

दिवा थेट डोक्यावर असला की भुवयांची सावली डोळ्यांत उतरते. संवाद तोच, पण नजर आपल्यापर्यंत पोचत नाही आणि माणूस दबलेला वाटू लागतो. विंगेतून आडवा आलेला उजेड शरीराची घडण उठावदार करतो. नृत्यात तो म्हणूनच हवासा असतो. समोरून सरळ आलेल्या उजेडात सगळे दिसते आणि चेहरा सपाट होतो. येल विद्यापीठातील स्टॅन्ली मॅकॅन्डलेस यांनी १९३२च्या पुस्तकात यावर तोड मांडली : समोरच्या दोन्ही बाजूंनी, सुमारे ४५ अंशांवरून दोन दिवे, एक उबदार, एक थंड छटेचा. आज ‘नैसर्गिक’ वाटणारा उजेड बराचसा या घराण्यातला.

खालून आलेला उजेड म्हणजे भुताटकी, हे समीकरण मात्र मला पटत नाही. स्ट्रिंडबर्गने १८८८मध्ये ‘मिस ज्युली’च्या प्रस्तावनेत फूटलाइट काढून टाकण्याची मागणी केली. तक्रार भीतीची नव्हतीच. चेहरे गुबगुबीत दिसतात, जबड्याच्या बारीक रेषा पुसल्या जातात, डोळ्यांवर उलट्या सावल्या चढतात, असे त्याचे म्हणणे. त्या काळच्या नाट्यगृहात खालचा उजेड हा रोजचाच उजेड होता.

कथकलीत हे अधिक स्पष्ट दिसते. रंगमंचाच्या पुढ्यात खोबरेल तेलाचा मोठा पितळी दिवा, जाड वाती. ज्योत नटाच्या चेहऱ्याच्या खाली. त्याच ज्योतीत राक्षस येतो आणि हिरव्या चेहऱ्याचा नळराजाही. जबड्याभोवतीची पांढरी चुट्टी तो उजेड झेलते, डोळ्यांची हालचाल उठून दिसते. नळ कोणाला भयाण वाटत नाही. विजेच्या सभागृहात तो दिवा प्रथेपुरता तेवतो, वरून झगझगीत प्रकाश पडतो. आणि तीच रंगभूषा मला मुखवट्यासारखी निश्चल दिसते. तेथे रंग बदललेला नसतो.